दोनशे बारा नंबरची जागा

एल्मर ट्रस्कचं काम एकदम सोपं. रोज सकाळी आठला कॉलेजच्या प्रार्थनाघरात वरच्या गॅलरीत उभं राहायचं आणि खाली बघायचं. प्रत्येक जागेच्या पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा. कुणी बसलं की आकडा झाकला जातो. उघडा दिसला तो गैरहजर. कागदावर लिहायचा, डीनसाहेबांकडे द्यायचा. चेहरे बघायची गरजच नाही. वरून दिसतात ती नुसती डोकी.

आणि डोक्यांनीच घोळ केला.

दोनशे बारा म्हणजे लेम्युएल प्रॅट. काडीसारखा पोरगा, केस भुरे. सोमवारी त्या जागेवर मान अशी जाड की कॉलरमध्ये मावेना. मंगळवारी तिथे लालभडक केस. बुधवारी पांढरे! आणि गुरुवारी चक्क टक्कल.

आकडा मात्र रोज झाकलेला. म्हणजे नियमाने प्रॅट हजर.

प्रॅटला माफ असलेल्या सगळ्या गैरहजेऱ्या ऑक्टोबरातच संपल्या होत्या. आणखी एक लागली की ट्रंक उचलून घरी. म्हणून एल्मरने काही लिहिलं नाही. पण राहवेना. प्रार्थना सुटली तसा तो धावत खाली आला आणि टक्कलवाल्याला दारातच गाठलं. चाळिशीचा बाप्या, मिशीत कापसाचे तंतू.

"काय हो, तुम्ही प्रॅट का?"

"आज मी प्रॅट," तो मोडक्या इंग्रजीत ऐटीत म्हणाला. "काल कास्पर प्रॅट. उद्या यान प्रॅट."

"आणि खरा प्रॅट?"

"मास्तर? मास्तर शाळेत. या, दाखवतो."

पुलापलीकडे कापडगिरणीच्या मागे एक शेड होती. रात्रपाळी करून आलेली चौदा पोलिश माणसं डोळे चोळत बाकांवर बसली होती, आणि फळ्यापुढे खुद्द प्रॅट इंग्रजीत ओरडत होता, "पट्टा सुटला! यंत्र थांबवा!" चौदा जण त्याच्यामागून ओरडले.

एल्मरला बघून त्याच्या हातातला खडू पडला. "ट्रस्क! झालं, भरलं माझं."

"अरे पण आठलाच कशाला? संध्याकाळी भरव की शाळा."

"संध्याकाळी कामावर जातात ते, लेका. हे सुटतात साडेसातला. नऊला घोरायला लागतात. मागच्या महिन्यात एकाची बोटं गेली. 'थांबवा' म्हणता येईना त्याला."

"म्हणून यांनाच तिकडे बसवतोस?"

"तेवढंच कानावर इंग्रजी पडतं."

"पाद्रीबाबा हळू बोलतो," टक्कलवाला म्हणाला. "मास्तरपेक्षा बरा." सगळी शेड हसली.

शुक्रवारी एल्मर जरा लवकरच गॅलरीत चढला. यान कसा दिसतो ते बघायचं होतं. खाली जागा भरत गेल्या. चार आकडे उघडे राहिले, ते त्याने लिहिले. शेवटची घंटा वाजत होती आणि पाचवा आकडा अजून तसाच. दोनशे बारा.

पेन्सिल कागदावर टेकली. दोन लिहिला गेला. मग एल्मरच्या मनात आलं, इथे चेहरा बघतोय कोण?

त्याने दोन खोडला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरला. दार लागता लागता आत शिरला, वाकून पुढे गेला आणि धपकन बसला.

शेजारचा दोनशे अकरा ढिम्म हलला नाही. "आज तू प्रॅट होय?" तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "गाता तरी येतं का? काल टक्कलवाला छान गात होता."

म्हणजे खाली सगळ्यांना ठाऊक होतं! फक्त वरून दिसत नव्हतं.

बाहेर आल्यावर यानही दिसला. पायरीवर बसल्या बसल्या झोपला होता, टोपी नाकावर.

डीनसाहेबांनी कागद वाचला. "चार गैरहजर. बरं. आणि गॅलरीत कोण होतं, ट्रस्क? मी वर बघितलं, कुणीच नव्हतं."

"खाली होतो, सर. पाद्रीबाबांना जवळून ऐकावंसं वाटलं."

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, खोडलेल्या दोनकडे बघितलं, आणि चार आकड्यांखाली एक नाव लिहिलं. ट्रस्क.

एल्मरची ती पहिलीच गैरहजेरी. अजून बारा चालणार होत्या. म्हणजे यान आणखी बारा वेळा झोपला तरी चालेल, असा हिशोब करतच तो जिना उतरला.