पाहुण्याचा खर्ज

आर्माँ चेरीच्या झाडावरून पडला, ही बातमी वोशरों गावात पोचली तेव्हा गिस्लेनबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ओठांना काही लागलं नाही ना?"

ओठ शाबूत होते. खांदा मात्र निखळला होता.

"नुसते ओठ घेऊन काय करू, बाई? ट्यूबा उचलायला खांदा लागतो," दवाखान्यातल्या खाटेवरून आर्माँ विव्हळला.

"आणि या वयात झाडावर न चढायला अक्कल लागते. ती असती तर खांदाही असता," बाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. चौदा जुलैचा, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचा सण तोंडावर आला होता.

गिस्लेनबाई गावच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. गावाचा बँड मात्र अजून त्याच चालवत. बँडमध्ये मोठी माणसं म्हणाल तर चीज बनवणारे दोघे भाऊ, टपाल वाटणारी सिमोन आणि आर्माँ. बाकी सगळी शाळकरी पोरं, बाईंनी 'दो-रे-मी'पासून, म्हणजे सारेगमपासून घडवलेली. मागची दोन वर्षं माणसंच पुरी पडली नव्हती, म्हणून सणाच्या दिवशी हुतात्मा स्तंभापुढे राष्ट्रगीत कर्ण्यावर लावावं लागलं होतं. पोरं आता कुठे तयार झाली होती. आणि गावचे मेयर रेमोंद यांनी स्पष्टच सांगून टाकलं होतं, "बाई, यंदाही बँड उभा राहिला नाही तर वाद्यं शेजारच्या लासें गावच्या बँडला देऊन टाकू. आपल्या कपाटात पडून राहण्यापेक्षा तिथे वाजतील तरी."

वाद्यं गावाच्या मालकीची होती. त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

चीजच्या कारखान्याच्या माडीवर त्या संध्याकाळी आर्माँशिवाय तालीम झाली. ट्यूबा म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं पितळी धूड. ते असतं तेव्हा कोणाचं लक्ष जात नाही. नसलं की पाया न खणता बांधलेल्या घरासारखं सगळं डळमळतं. पोरं घाबरून भराभर वाजवू लागली, मग एकमेकांसाठी थांबू लागली, मग पुन्हा धावू लागली. बाईंनी हात खाली घेतला आणि वारा घ्यायला खिडकीशी गेल्या.

खाली रस्त्यावर एक परकं जोडपं उभं होतं. नदीकाठच्या तंबूतळावर उतरलेले इंग्रज असावेत, हे त्यांच्या उन्हाने लालबुंद झालेल्या गुडघ्यांवरून कळतच होतं. बाई उंच, बुवा आडवा. तो बुवा वर बघत नव्हता, ऐकत होता. आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलत होती, खाली, वर, दोन एकदम खाली.

बाईंनी आयुष्यभर पोरांची बोटं पाहिली होती. ही बोटं ताल देणाऱ्याची नव्हती, कळा दाबणाऱ्याची होती. त्या जिना उतरून जवळजवळ धावतच खाली आल्या.

"बोंझूर, मस्यू! तुम्ही काय वाजवता?"

शाळेत शिकवण्यापुरतं इंग्रजी बाईंना येत होतं. त्या माणसाच्या बायकोला, डोरीनला, शाळेत शिकण्यापुरतं फ्रेंच. दोघींनी मिळून काम भागवलं. बुवाचं नाव क्लिफर्ड. उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या एका खाणीच्या गावचा. तिथल्या बँडमध्ये तरुणपणापासून ट्यूबा वाजवत आलेला.

बाईंनी आकाशाकडे पाहून हात जोडले नाहीत एवढंच.

"पण आम्ही उद्या निघतोय. बोटीची तिकिटं आहेत," डोरीन म्हणाली.

"बोटी रोज सुटतात. चौदा जुलै वर्षातून एकदाच येतो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो विषय तिथेच संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. तंबूतळाच्या रखवालदाराने तंबू सोडूच दिला नाही. पाववाली जोझेट गरम ब्रिओश पाव घेऊन स्वतः नदीवर गेली आणि दुपारचं जेवण आपल्याकडेच, असं बजावून आली. पण त्याआधीच आर्माँ हात झोळीत अडकवून तिथे पोचला होता आणि जेवण त्याच्याकडे ठरलं होतं. दोघांचं तंबूपुढेच भांडण जुंपलं.

"तुझ्या बायकोचा रस्सा खाऊन माणूस वाजवणार कसा? झोपेल!"

"आणि तुझा पाव खाऊन? दातच पडतील, मग फुंकणार कशाने?"

डोरीन घाबरून नवऱ्याला म्हणाली, "आपल्यामुळे भांडतायत."

"तुमच्यामुळे नाही हो," तेवढ्यात तिथे आलेल्या बाईंनी समजावलं. "ही दोघं चुलत भावंडं आहेत. आज निदान भांडायला काही कारण तरी मिळालंय."

शेवटी जेवण आर्माँकडे झालं आणि जोझेट पाव घेऊन तिथेच आली. सफरचंदाच्या झाडाखाली लांबलचक टेबल मांडलं होतं. पहिली बाटली उघडताना आर्माँने क्लिफर्डकडे डोळे वटारून पाहिलं.

"मस्यू, एक गोष्ट आधी मिटवून टाकू. तुम्ही इंग्रजांनी शेकडो वर्षांपूर्वी आमच्या संत जोनला जाळलंत."

डोरीनने भाषांतर केलं. क्लिफर्डने घास खाली ठेवला, बराच वेळ विचार केला आणि गंभीरपणे म्हणाला, "मी नाही. ते दक्षिणेकडचे लोक."

टेबलावर एकच हशा उसळला. आर्माँने चांगल्या हाताने त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की वाइन सांडली.

"खरं सांगू?" डोरीन जोझेटला म्हणाली. "निघताना सगळ्यांनी आम्हाला बजावलं होतं, फ्रेंच लोक इंग्रजांकडे ढुंकूनही बघत नाहीत म्हणून."

"असं कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. जाऊन आलेले."

"पॅरिसला जाऊन आले असतील," जोझेट म्हणाली. "तिथले आमच्याकडेसुद्धा बघत नाहीत."

शेवटच्या चीजपर्यंत जेवण पोचता पोचता संध्याकाळ झाली. तिथून सगळा लवाजमा तालमीला गेला. आर्माँने आपला ट्यूबा क्लिफर्डच्या मांडीवर असा ठेवला, जणू पोटची लेक सासरी देतोय. समोर स्वरलिपीचा कागद मांडला. बाईंनी हात उचलला.

जे वाजलं ते ऐकून खालच्या गल्लीतली कुत्री भुंकू लागली.

बाईंनी पुन्हा हात उचलला. पुन्हा तेच. सूर भरदार होते, पण एकही आपल्या जागी नव्हता. पोरं एकमेकांकडे बघू लागली. क्लिफर्डचा चेहरा त्याच्या गुडघ्यांपेक्षा लाल झाला.

"माझी गाय व्यायली तेव्हा याहून बरं ओरडली होती," आर्माँ पुटपुटला. "आणि मी याला सगळ्यात जुनं चीज खायला घातलं!"

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या.

बाईंना मात्र ती खिडकीखालची बोटं आठवत होती. त्यांनी कागद उचलून उलटा ठेवला. "मस्यू क्लिफर्ड, तुमच्या गावचं काहीतरी वाजवा. पाठ असलेलं."

त्याने डोळे मिटले. एक संथ प्रार्थना वाजवली. पहिल्याच सुराने माडीच्या फळ्या थरथरल्या. खर्ज असा, की तो कानांनी नव्हे, तळपायांनी ऐकू यावा. तो थांबला तेव्हा आर्माँच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचा नेहमीचा हात झोळीत होता.

"मग आमचंच का येत नाही?" बाईंनी विचारलं.

क्लिफर्डने कागद पुन्हा सुलटा केला आणि सुरुवातीच्या खुणेवर बोट ठेवलं. इंग्लंडच्या पितळी बँडमध्ये खर्जाची लिपी वेगळ्या खुणेने मांडतात. ही खूण त्याने पाहिली होती, पण कधी वाचली नव्हती.

"अहो, मग हे कालच का नाही सांगितलंत?"

"बोलावलंत, जेवू घातलंत," तो मान खाली घालून म्हणाला. "एवढं सगळं झाल्यावर नाही कसं म्हणणार?"

बाई कपाळाला हात लावून हसत सुटल्या. "अहो मस्यू, आमच्याकडे माणूस आधी 'नाही' म्हणतो, मग जेवता जेवता भांडतो, आणि कॉफीच्या वेळी 'हो' म्हणतो. तुम्ही उलट्या टोकाकडून सुरुवात केलीत."

"कागद त्याच्या लिपीत उतरवून देऊ," सिमोन म्हणाली.

बाईंनी मान हलवली. "कागद वाचेल तो. पण आमची पोरं कुठे श्वास घेतात, कुठे रेंगाळतात, ते कागदावर लिहिलेलं नाही. आणि या गावात वर्षभर तोंडाने गाऊन दाखवल्याशिवाय कुठल्याही पोराच्या हाती वाद्य दिलेलं नाही. पाहुण्याला वेगळा नियम कशाला? पोरांनो, वाद्यं खाली ठेवा. मस्यूंना शिकवा."

पोरांना आधी खरंच वाटेना. मग ती सगळी उठून क्लिफर्डभोवती जमली. नऊ वर्षांची क्लेमांस, जिला बाईंनी आजवर हजारदा 'घाई करू नकोस' म्हणून सांगितलं होतं, कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली.

"म्हणा, मस्यू. दो... सोल... दो..."

पोरं गात होती आणि तो आडवा माणूस एकेक सूर ट्यूबातून परत देत होता.

"फा लांब धरा! तुम्ही घाई करताय."

"हो, बाई," क्लिफर्ड म्हणाला. फ्रेंच शब्द तेवढेच त्याला आता नीट येऊ लागले होते.

"मला बाई म्हणाला!" क्लेमांस किंचाळली.

"पण पाय का आपटताय? पाय आपटायचा नाही. ताल पोटात ठेवायचा," दुसरा एक जण म्हणाला. हे वाक्य शब्दन् शब्द गिस्लेनबाईंचं होतं.

बाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. आपण एवढी वर्षं जे पोरांच्या डोक्यात घालायला धडपडलो, ते आज पोरं दुसऱ्याला सांगताना स्वतःच ऐकत होती. अर्धवट कळलेलं दुसऱ्याला शिकवता येत नाही. शिकवायला उभं राहिलं की उरलेलं अर्धं आपोआप कळतं. क्लिफर्डला फा लांब धरायला लावायचा, तर क्लेमांसला आधी तो स्वतः लांब धरावा लागत होता. ती धरत होती. पुढच्या तालमींना पोरं बोलावण्याआधीच हजर असत, आणि कोणी चुकलं तर बाईंच्या आधी दहा तोंडं उघडत.

चौदा जुलैच्या सकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. इंग्रज वाजवणार म्हणून आजूबाजूच्या वाड्यांवरूनही माणसं आली होती. लासेंच्या बँडचा प्रमुख लुस्यां व्हॅन घेऊन आला होता. व्हॅन रिकामी होती आणि आत जुनी घोंगडी अंथरली होती. पितळेला ओरखडे पडू नयेत म्हणून.

"मदतीला आलोय हो, गिस्लेनबाई," तो गोड हसून म्हणाला. "ओझं काही तुम्ही उचलायला नको."

"तुझे उपकार झाले. घोंगडी तेवढी झटकून ठेव, थंडीत कामाला येतील," बाई म्हणाल्या. पण स्तंभामागे मेयरसाहेबांनी, न जाणो, म्हणून कर्णाही जोडून ठेवलेला त्यांना दिसला होता.

बँड उभा राहिला. बाईंनी हात उचलला आणि तसाच ठेवला. पोरांचे श्वास एक व्हायची त्या वाट पाहत होत्या. चौक निःशब्द झाला. ती शांतता मेयर रेमोंदना सोसली नाही. बँड अडखळला असं समजून त्यांनी घाईघाईने मागे खूण केली, आणि कर्ण्यातून राष्ट्रगीत खरखरत सुरू झालं.

पोरांचे चेहरे उतरले. लुस्यांने खिशातून व्हॅनची किल्ली काढली.

बाईंनी क्लिफर्डकडे पाहिलं. त्याला खुणेची गरज नव्हती. त्याने छाती भरून घेतली आणि पहिला सूर लावला. कर्ण्याच्या सुराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तो पोरांच्या सुरात होता, पोरांच्या लयीत, त्यांनीच शिकवलेल्या जागी. दगडी फरसबंदीतून तो खर्ज पायांत चढला. क्लेमांसने तोंडाशी आपला छोटा पितळी कॉर्नेट धरला. मग दुसरा, तिसरा, मग ढोल, मग सगळे. कर्णा ओरडत राहिला, पण पोरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्या पायाखाली आता भक्कम जमीन होती, आणि तिच्यावर पाय रोवून ती वाजवत होती.

आर्माँ पहिला गाऊ लागला. मग जोझेट, मग अख्खा चौक. लोक बँडबरोबर गात होते. कर्णा एकटा पडला. शेवटी मेयर रेमोंद स्वतःच स्तंभामागे धावले आणि त्यांनी वायर अशी उपटली की सॉकेटही हातात आलं. ती तशीच हातात धरून, डोळे मिटून, ते सगळ्यांपेक्षा बेसूर आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गाऊ लागले.

शेवटचा फा पोरांनी लांब धरला. इतका लांब, की कबुतरं चर्चच्या कळसावरून उडून पुन्हा बसली.

टाळ्या थांबेचनात. लोकांनी क्लिफर्डला ट्यूबासकट उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, मग डोरीनला उचललं. लुस्यां गर्दीतून वाट काढत मेयरसाहेबांपाशी आला.

"मग, वाद्यांचं काय?"

"कुठली वाद्यं?" मेयरसाहेब म्हणाले.

"अहो, तुम्हीच फोन करून बोलावलंत ना मला!"

"सणाला बोलावलं होतं, लुस्यां. जेवायला थांब. आमच्याकडे पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत." मग ते गिस्लेनबाईंकडे वळले आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी कर्णा आणायचाच नाही. मी बोललो, सगळ्यांनी ऐकलं."

बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी पटकन हात उंचावला आणि प्रयाणगीताचा ताल धरला. बँड गल्लीत शिरला. या गावची रीतच होती, सणाला प्रत्येक दारापुढे थांबून वाजवायचं आणि प्रत्येक दारात पेला प्यायचा. दोन वर्षं बंद राहिलेली दारं धडाधड उघडत होती.

लुस्यांला घरी जायचं होतं, पण गल्लीतून बाहेर पडायची वाट एकच, आणि ती बँडने व्यापलेली. रिकामी व्हॅन पायी चालणाऱ्यांच्या वेगाने मिरवणुकीच्या मागे सरकत राहिली. जोझेटच्या दारापाशी कोणीतरी त्याच्याही हातात खिडकीतून पेला दिला.

पुढे क्लेमांस मान वळवून ओरडत होती, "मस्यू, घाई नको!"

आणि क्लिफर्ड फुंकता फुंकता मान डोलवत होता. हो, बाई. हो.