कढत पाण्यानं विसळलेला थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. हैदराबादच्या बरकतपुऱ्यात भगवंतराव मास्तरांच्या स्वयंपाकघरात, खिडकीपाशी माझी जागा. बाहेरून निळा पत्रा, पोटात काच. आपटलो की संपलो. म्हणून मास्तरांच्या पत्नी कुसुमताई मला सहसा कुणाच्या हाती देत नसत.

चहा भरण्याआधी त्या माझ्यात कढत पाणी ओतायच्या, बूच लावून ठेवायच्या, मग ते पाणी फेकून चहा भरायच्या. काच तापलेली असली की चहा दुपारपर्यंत वाफाळता राहतो. काचीगुडा स्टेशनवर गाडी पकडणारा प्रत्येक पाहुणा माझी तारीफ करायचा आणि मीही फुगायचो.

पुढे बाजार परदेशी वस्तूंनी भरला. त्यांच्या लेकीनं, मेघनानं, नवी प्लास्टिकची बाटली आणली आणि मी फळीवर गेलो. तिथून मला सगळं दिसायचं. कुसुमताईंची पाळी थांबून काही वर्षं झाली होती. ज्या फळीला त्यांचा हात सहज पोचायचा, तिथं आता टाचा उचलाव्या लागत. एकदा बादली उचलताना मनगटच मोडलं. सगळे म्हणाले, वय झालं. वय कसलं डोंबलाचं, बाई अजून पन्नाशीतच होत्या! त्यांची थोरली बहीण खुबा मोडून अंथरुणाला खिळली, ती पुन्हा उठलीच नाही. कुसुमताईंना मरणाची नाही, त्या अंथरुणाची धास्ती होती.

मलकपेठच्या डॉक्टरांनी समजावलं की, पाळी थांबली की हाडं झिजू लागतात, उंचीही घटते; एक्स-रेच्या फोटोत झीज दिसेपर्यंत बरंच हाड गेलेलं असतं. पण हाड झिजताना त्याचे बारीक अंश रक्तात उतरतात, आणि ते मोजायची तपासणी आता हैदराबादेत आली आहे. झीज किती वेगानं चालली आहे ते कळलं की औषध ठरवता येईल. रक्त सकाळी उपाशीपोटी घ्यायचं आणि बर्फात ठेवून मोठ्या लॅबमध्ये पोचवायचं. तपासणीचं सामान परदेशातून यायचं, पुष्कळ जणींचं रक्त जमलं की एकदाच उघडायचं. ही खेप चुकली तर पुढची दिवाळीनंतर.

ते रक्त बर्फात न्यायला मला फळीवरून काढलं तेव्हा केवढा आनंद झाला! आणि कुसुमताईंनी, हाताला सवयच ती, माझ्यात कढत पाणी ओतलं. बूच लावलं. मी तापत गेलो. अहो बाई, आज चहा नाही, आज बर्फ आहे! पण मला तोंड आहे, जीभ नाही. निघताना त्यांनी पाणी फेकलं, फ्रिजमधला मूठभर बर्फ टाकला आणि बूच आवळलं.

दवाखान्यात रक्ताची नळी माझ्यात सोडली. गर्दीत कुणी आत डोकावलं नाही. चादरघाटच्या पुलावर ऑटो अडकला. भगवंतराव मला उराशी धरून बसले होते आणि माझ्या पोटात नळी कोमट पाण्यात डुलत होती. लॅबमधल्या बाईंनी बूच काढून बोट बुडवलं.

"चाचा, इसमें बर्फ किधर है? ये खून नहीं चलता."

जन्मात कुणापुढे हात न जोडलेल्या मास्तरांनी त्या दिवशी हात जोडले. नाही म्हणजे नाही; सामान त्याच दिवशी उघडायचं होतं, खेप चुकली. तेव्हापासून जेवता जेवता घास हातात धरून ते म्हणायचे, दुसऱ्या रस्त्यानं गेलो असतो तर. चूक त्यांची नव्हती, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग?

नवरात्रात घटासाठी पाट ओढताना कुसुमताई पडल्या. खुबा मोडला. दिवाळी अजून यायचीच होती.

दवाखान्यात चहा न्यायला पुन्हा मीच. पहिल्या दिवशी घरी निघालेल्या मेघनाला कुसुमताई कॉटवरून सांगू लागल्या, चहा भरण्याआधी याला कढत पाण्यानं... आणि मध्येच थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "रस्ता नव्हता हो चुकला. त्या दिवशीही मी हा तापवूनच दिला होता."

 भगवंतरावांनी मला खाली ठेवून कुसुमताईंचा हात हातात घेतला.

आता औषध सुरू आहे, पण त्या अजून उठलेल्या नाहीत. मित्रांनो, तुमच्या आईचा हात फळीला पोचेनासा झाला, तर वय झालं म्हणून सोडू नका. खुबा मोडायची वाट पाहू नका, तेव्हाच डॉक्टरांकडे न्या. आणि मला हाती घ्याल तेव्हा आधी विचार करा, आत काय ठेवायचं आहे. मी ऊनही राखतो, गारही राखतो. त्या दिवशी मी ऊन राखलं, आणि फार चांगलं राखलं.