आत घेतलेली शिवण

मी एक जुने, पायाने चालवायचे शिवणयंत्र आहे. माझा काळा रंग बराच उडाला आहे. कारखान्यातून मी थेट एका खेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात आले. मित्रांनो, तिथे दोन जावा राहत होत्या. थोरली शिवणकाम करायची, धाकटी घर आणि गुरे सांभाळायची.

थोरलीचा नवरा आजारपणात गेला, तेव्हा तपासणीत तिलाही एचआयव्ही असल्याचे कळले. दवाखान्यातून दर महिन्याला मिळणाऱ्या गोळ्यांनी ती सावरली. तिने माझ्यावर शाळेचे गणवेश शिवले, पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले. लोक म्हणायचे, "कापड विरेल, पण हिची शिवण उसवायची नाही." ते ऐकून मी फुलून जायचे.

मग तिला खोकला लागला. संध्याकाळी अंग तापू लागले. गावात फेरीवर आलेल्या परिचारिकेने माझ्यासमोरच तिला विचारले, "खोकला? ताप? वजन घटतंय का?"

"छे, कुठं काय!" थोरली म्हणाली.

गिऱ्हाईक तुटेल, याची तिला धास्ती होती. एका आजाराची कुजबुज तिने कशीबशी पचवली होती. दुसरी तिला झेपणार नव्हती.

त्याच दिवसांत तिने स्वतःचा ब्लाउज माझ्यावर आत घेतला. पुढे पुन्हा घेतला. मला कळत होते, पण मला फक्त टाके घालता येतात.

ब्लाउज वाळत घालताना धाकटीने तो उलटसुलट करून पाहिला. "ताई, हा कुणा पोरीचा?"

"माझाच गं."

धाकटीने धुणे तसेच सोडले. दाराला कडी घालून ती थोरलीला दवाखान्यात घेऊन गेली. क्षयरोग निघाला. डॉक्टर म्हणाले, "एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेतल्या तरी क्षय होऊ शकतो. वेळेत कळला, तर औषधाने बरा होतो." थोरलीच्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती. क्षयाचीही औषधे सुरू झाली, पण ती घरी परतली नाही.

घरात कोणी मोठ्याने रडले नाही. धाकटीने भांडी घासली, गुरांना पाणी दाखवले. शेजारीण म्हणाली, "त्या मशीनला हात लावू नकोस, रोग यायचा." मग मला पोत्याखाली झाकून कोपऱ्यात ढकलले. मला गंज चढला. वाईट वाटायला हवे होते, पण काहीच वाटेना.

पुढच्या फेरीला परिचारिकेने पोते ओढून काढले. "अगं, हा रोग खोकल्यातून हवेत जातो. लोखंडातून नाही लागत. खिडक्या उघड्या ठेव आणि तूही तपासून घे." धाकटीच्या तपासणीत तेव्हा काही निघाले नाही. तिने मला तेल घातले आणि शिवण शिकली. तिची शिवण वाकडी जाते. मीही फार नेट लावत नाही.

आज सकाळी एक बाई पिशवी शिवून घ्यायला आली. शिवता शिवता धाकटीला खोकल्याची उबळ आली. बाई मागे सरकली.

"सर्दी झालीय का गं?"

धाकटीने पाय थांबवला. मग म्हणाली, "नाही हो. बरेच दिवस झाले, जात नाहीये. दवाखान्यात जाऊन येते. पिशवी उद्या न्या."

तिने पिशवी माझ्या सुईखाली तशीच ठेवली, तोंडाला रुमाल बांधला आणि ती निघाली. बाई दारातूनच आपल्या घरी वळली.

मित्रांनो, मला जपा, असे मी सांगणार नाही. मी गंजून पडले तरी चालेल. पण तुमच्या घरी, शेजारी कोणी खोकत असेल, तर त्याच्यावर खोटे बोलायची पाळी आणू नका. त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.

धाकटी आज एकटीच गेली आहे.