चिमणीला काढा

ग्रुपवर तिचं नाव निळी. तोंड दाखवायचं नाही, खरं नाव सांगायचं नाही, गोळी घेतली की रिकाम्या तळहाताचा फोटो टाकायचा, खाली लिहायचं, "गिळली!" एचआयव्ही असलेल्या अकरा जणी, अकरा तळहात. घरी तोंडाला कुलूप. इथे ती रडे, खिदळे, शिव्याही देई.

बोटांचं मात्र ध्यानातच आलं नाही. सुताच्या लड्या रंगवणारीची बोटं धुऊन थोडीच निघतात!

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत, नव्याने आलेल्या चिमणीचा खासगी निरोप:

"काल निळी होतीस, आज हिरवी. आमच्याकडेही आज हिरवाच रंग आहे गं."

तिने झटकन आजूबाजूला पाहिलं.

कारखान्यात नऊ बाया. नवांचे हात हिरवे. शेजारच्या पातेल्यावर सख्खी वहिनी. तिनेच नोकरी लावलेली, राहायचंही तिच्याच घरी. एकीने तोंड उघडलं की नोकरी आणि छप्पर एका दमात जाणार.

तिने ग्रुप चालवणाऱ्या ताईला लिहिलं, "चिमणी पाळतीवर आहे. काढ तिला."

"काढलं की तिचे खासगी निरोपही बंद होतील. आधी विचारून तर बघ."

"काय विचारू, कपाळ? ताई, पाया पडते. काढ!"

चिमणी टाइप करतेय.

थांबली.

टाइप करतेय.

"घाबरू नकोस. मलाही आहे. तिसरा महिना लागला तेव्हा तपासणीत कळलं. तुझ्या दादाला अजून"

इथवरच.

खाली राखाडी अक्षरं: चिमणीला काढण्यात आलं आहे.

तुझ्या दादाला! तिने मान वळवली. पातेल्याच्या वाफेपलीकडे वहिनी फोनकडे बघत उभी होती, चेहरा उतरलेला.

"वहिनी, अगं, मला वाटलं..."

"कळलं काय वाटलं ते." आवाज अगदी हळू. "बोटं ओळखली, सख्खी म्हणून तुझ्याकडे आले, तर दार लावून घेतलंस. आता घरी जाऊन दादाचे कान भरशील."

"आईशप्पथ, नाही!"

"त्यापेक्षा मीच सांगते. डबा द्यायला आलाय तो, फाटकाशी थांबलाय." वहिनीने पदराला हात पुसले. "माझं सांगेन. मग तो विचारेल, ग्रुपवर आणखी कोण कोण? माझ्याच्याने खोटं बोलवत नाही, तुला ठाऊक आहे."

बाहेर हॉर्न वाजू लागला. वहिनी चालू लागली.

ती मागे धावली, तोच मुकादमबाई आडवी आली. "सुट्टी संपली. कुठे निघालात दोघी?"

सात जणींनी माना वर केल्या. वहिनी बाईला वळसा घालून गेलीसुद्धा.

"अगं, विचारतेय ना? काय झालंय?"

फाटकाशी हॉर्न थांबला.