खारोबाखालची बोअर

“शकू, ह्यो दगड हलवायचा न्हाई. अन् हलवायची येळ आलीच, तर तुझ्या हातानं उचल अन् तुझ्याच हातानं परत बसव. कबूल कर.”

सासूबाई आशाबाई जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी पहाटे विहिरीत कळशी सोडली की शकुबाईंच्या कानाशी हा आवाज यायचाच. त्यांचा नेम साधा होता. विहिरीचं गोड पाणी बांधावरच्या शेंदरी दगडाला, खारोबाला, घालायचं आणि तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. लेकीच्या लग्नादिवशीही त्यांनी तो मोडला नव्हता.

वैशाखातल्या त्या पहाटे मात्र त्यांनी पाणी घालायच्या आधीच दगडाच्या बुडाची माती ओली होती. त्यांनी बोट टेकवलं, जिभेला लावलं. खारट.

शिरड शहापूरच्या पलीकडल्या माळावर वर्षभर एका प्रयोगाची तयारी चालली होती. कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू पकडून टँकरनं आणायचा आणि तीन हजार फूट खाली, खडकातल्या खाऱ्या पाण्याच्या साठ्यात दाबून कायमचा कोंडायचा. हिंगोलीची अबोली त्या कामाची प्रमुख. तिनं घरोघरी सांगितलं होतं, “एक जरी जुनी खोल बोअर उघडी राहिली, तर खारं पाणी वर येईल आणि तुमच्या विहिरी नासतील.” गावानं एकशे बारा बोअर लिहून दिल्या. खारोबा कुणी सांगितला नाही. लपवला नव्हता, पण देवाला बोअर कोण म्हणेल?

पन्नासेक वर्षांपूर्वी एक मोठं यंत्र येऊन तिथं महिनोन् महिने खोदत होतं. खारं पाणी लागलं आणि माणसं पाइप उघडाच टाकून गेली. लेकरू पडू नये म्हणून आशाबाईंनी वर दगड ठेवला, कुणी त्याला शेंदूर लावला. शकुबाईंना हे ठाऊक होतं. पण रोज हात जोडता जोडता खालचा पाइप त्यांच्याही मनातून गेला होता.

आठवडाभर चाचणी म्हणून नुसतं पाणी खाली दाबून पाहणं चाललं होतं. वायू आज सोडायचा होता. कळशी तशीच भरलेली ठेवून त्या माळाकडे निघाल्या.

तिथं त्यांचे दीर, सरपंच सुदाम, नारळ हातात घेऊन उभेच होते.

“ताई, थांबवा,” शकुबाई अबोलीला म्हणाल्या. “एक बोअर राह्यली.”

सुदामच्या हातातला नारळ तसाच राहिला. “वैनी, तुमी सकाळच्या पारी बोलून राहिल्या?”

“कुठली बोअर?” अबोलीनं विचारलं.

“खारोबाखाली. पाणी वर आलंय.”

“आता देव उखडता का?” सुदाम म्हणाले. “गाव काय म्हणंल?”

“गावाला पाणी प्यायचंय, भाऊजी. देव माझ्या घरी राहील.”

“अन् रुसला मंग?”

“घरातच असंल की. काढीन समजूत.”

अबोलीनं हात वर करून काम बंद केलं.

बांधावर येऊन शकुबाईंनी स्वतः दगड उचलला. खाली गंजलेला पाइप आणि त्याच्या तोंडाशी झुळझुळणारं खारं पाणी. अबोलीनं ते जवळून पाहिलं. मग खाली वाकली आणि शकुबाईंच्या पाया पडली.

ती बोअर तळापासून वरपर्यंत सिमेंटनं भरायला अकरा दिवस लागले. मग वायू सोडला. तीन महिन्यांत चाळीस टँकर जमिनीत रिचले. त्या बांधावर खाऱ्या पाण्याचा थेंबही वर आला नाही. श्रावणात शेवटची तपासणी झाली. “आजी, सगळा वायू खाली जिथल्या तिथं आहे,” अबोली म्हणाली, आणि विहिरीचं पाणी सगळ्यांसमोर घटाघटा प्याली. बाहेरगावहून प्रयोग बघायला आलेल्या साहेबांनीही पेले रिकामे केले.

“आमच्या वैनीची जीभ म्हंजे मशीन हाय,” सुदाम त्यांना सांगत होते. “फकस्त सकाळी बंद असती.”

खारोबाला बांधावर परत बसवायला सुदामनी सोमवारी बँड सांगितला. शकुबाईंनी मान डोलावली.

रविवारी पहाटे त्यांनी देवघरातला दगड टोपलीत मऊ लुगड्यावर ठेवला, टोपली डोक्यावर घेतली, भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि तोंड मिटून बांधाच्या वाटेला लागल्या.