दोरी न उतरवलेलं धनुष्य

मी एक धनुष्य बोलतोय. लहान मुलीच्या मापाचं, धामणीच्या लाकडाचं. आवाज दमलेला वाटला तर समजून घ्या, फार वर्षं ताणलेला राहिलोय.

गोवा राज्य झालं त्या वर्षी कोरगावच्या रघुनाथ आजोंनी मला घडवलं. त्यांची नात सेजल तेव्हा सहा वर्षांची. बांबूची धनुष्यं ती दोन दिवसांत मोडायची आणि मग भोकाड पसरायची. "हिच्यासाठी मोडाचा नाय असा कायतरी करूक होया," म्हणत आजोंनी धामणीचा सरळ फाटा आणला. पावसाळाभर चुलीवरच्या माळ्यावर वाळवला, कोयत्याने तासला, काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत केला. अंगभर खोबरेल चोळलं, सुताची दोरी लावली. बाणांच्या टोकांना चिंध्या बांधल्या, कोणाचा डोळा फुटू नये म्हणून.

"खेळान झाला काय दोरी सोडून ठेव गो बाय," ते रोज सांगत. "तेकाय विसावो होयो."

सेजल दोरी सोडायची आणि मी अंग सैल करून कोपऱ्यात पडायचो. तेवढं सुख पुढे कधी मिळालं नाही.

आजो गेले. त्यांचा मुलगा यशवंत, सेजलचा बाप, खाणीच्या ट्रकवर होता. तो सगळ्यांना घेऊन डिचोलीला राहायला आला. वडिलांच्या हातची आठवण म्हणून त्याने मला बाणांसकट बाहेरच्या खोलीत टांगलं. दोरीवाचून मी नुसती काठी दिसतो, म्हणून दोरी चढवली. तीही मासे पकडायच्या नायलॉनची, कधी कुजू नये अशी. सुताची असती तर दोन-चार पावसाळ्यांत तुटली असती आणि मी सुटलो असतो.

माणसांचं हे मला कळत नाही. ज्याच्यावर जीव जडतो त्याला वापरायचं सोडून ही मंडळी भिंतीवर चढवतात. दर खंडेनवमीला यशवंत ट्रकच्या चावीला हळदकुंकू लावायचा, मला झेंडूचा हार घालायचा आणि पाया पडायचा. मी मनात म्हणायचो, अरे बाबा, हार नको, दोरी काढ! सेजलची शाळा झाली, लग्न झालं. येता-जाता तिला मी दिसायचो, पण भिंत दिसते तसा.

पुढे खाणी बंद पडल्या. यशवंत घरी बसला, पाठीत वाकलेला. यंदाच्या चतुर्थीला सेजल माहेरी आली, सोबत तिची सहा वर्षांची कोमल. आल्या आल्या पोरीने माझ्याकडे बोट दाखवलं, "आई, माका ता होया!"

मला खाली काढलं. एक बाण नीट जाऊ दे, एवढंच मी मागत होतो. कोमलने जीव खाऊन ओढलं. बाण उंबऱ्यातच पडला, माझ्यात जोरच उरला नव्हता.

सेजलने मला हातात घेऊन निरखलं. "बाबा, हेची दोरी कधी सोडलीच नाय?"

यशवंत भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत म्हणाला, "माका वाटला, अशीच बरी दिसता."

सेजलने नखं मोडत गाठ सोडवली. दोरी सुटली. मी सरळ होण्याची वाट पाहिली. झालोच नाही. यशवंतने माझ्या वाकलेल्या पाठीवरून हात फिरवला. "आता निज रे," तो म्हणाला. मला रडूच आलं.

दुसऱ्याच दिवशी तो कोरगावला जाऊन धामणीचा नवा फाटा घेऊन आला. तो माळ्यावर वाळतोय, मी त्याच्या शेजारी पडलोय.

कोमल, त्याचं धनुष्य होईल तेव्हा त्याला हवं तेवढं ओढ. बाण शेजाऱ्यांच्या कौलांवर गेले तरी जाऊ देत. फक्त संध्याकाळी त्याची दोरी सोड. हार घालायला विसरलीस तरी चालेल.