मागच्या खोलीतले एकशे चौदा डोळे

रियोबांबा शहरातल्या एका दवाखान्यात मी एकोणीस वर्षं डोळ्यांचे नंबर काढले. डॉक्टर ऑस्वाल्दो झांब्रानो मोतीबिंदू काढून भिंग बसवायचे. महिन्यानं मी त्याच डोळ्याचा नंबर हातानं काढायचे, एकेक काच बदलत, विचारत. ठरवलेला नंबर आणि आलेला नंबर, यांतल्या फरकावरून पुढच्या पेशंटांच्या भिंगाचं गणित सुधारायचं.

मग मशीन आलं. हनुवटी टेकवा, तीन सेकंद, कागद बाहेर.

"हर्लिंदा, तुझं 'हे बरं की ते' आता म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला ठेव," डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले आणि मला काउंटरवर बसवलं.

मी माफ केलं नाही. जेवणाच्या सुट्टीत, मागच्या खोलीत, मशीनवरच्या त्याच पेशंटांचे नंबर हातानंही काढून वहीत लिहीत राहिले. एकशे चौदा डोळे. मशीन जवळजवळ प्रत्येकाला पाव नंबर जास्त मायनस दाखवत होतं. डॉक्टरांना वाटलं, भिंगं जास्त ताकदीची पडतायत. त्यांनी फळ्यावर लिहिलेला भिंगाच्या गणिताचा आकडा खाली ओढला आणि पुढच्यांना भिंगं कमी पडायला लागली. त्यांतल्याच एका, बसड्रायव्हर सेगुंदो याउतिबुगला परवान्याच्या तपासणीत तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली नाही. मी वही दाखवली, तर डॉक्टर हसले. "मशीन खोटं आणि तू खरी?"

मार्चमध्ये त्यांच्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन त्यांच्या भागीदार डॉक्टरीणबाई करणार होत्या. आदल्या सोमवारी ते काउंटरवर वाकले.

"हर्लिंदा, माझ्या डोळ्याला तुझ्या वहीतलं गणित लावायचंय. हळू बोल."

"का हो? मशीनला सर्दी झाली?"

"चेष्टा नको."

"मग रांगेत बसा. सेगुंदोच्या मागे. तो चष्म्याला आलाय."

बाकावर अकरा जणं होती. डॉक्टर बसले. त्यांची पाळी आल्यावर मी उठले.

"पेशंटांना कुठलं गणित लावायचं, डॉक्टर? मोठ्यानं."

"आधी माझा डोळा..."

"वही पिशवीत आहे. पिशवी मी घरी नेते."

"हातानं काढलेलं," ते पुटपुटले.

"सेगुंदोला ऐकू नाही आलं."

"हातानं काढलेलं! मशीनवर मी नको तितका भरवसा ठेवला. चूक माझी."

फळ्यावरचा जुना आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं पुसला. मग मी वही उघडली.

त्यांचा डोळा झकास झाला. बिनचष्म्यानं शेवटची ओळ वाचतात. सेगुंदो चष्मा लावून बस चालवतो. म्हणून मी अजून माफ केलेलं नाही.